रॅक सर्व्हरची तीन कोटेशने: किंमत कशाने भागावी?

प्रश्न: आमच्या कारखान्यात १४० जण संगणक वापरतात. ईआरपीचा (लेखा, साठा, उत्पादन अशी कामे एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०२२ च्या स्टँडर्ड आवृत्तीवर आहे. एकूण १० व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) असून सर्वांवर विंडोज सर्व्हर चालते आणि त्यांनी मिळून २ टीबी जागा घेतली आहे. त्याशिवाय रेखाटने आणि स्कॅन केलेली कागदपत्रे ९ टीबी आहेत व त्यांत दरवर्षी दीड टीबीची भर पडते. सध्याचा सर्व्हर सात वर्षांचा आहे. महिनाअखेरीस ईआरपी इतके मंदावते की लेखा विभागाला रात्रीपर्यंत थांबावे लागते. नव्या रॅक सर्व्हरसाठी आलेल्या तीन कोटेशनांपैकी सर्वांत स्वस्त असलेल्याची किंमत १०० धरली, तर चित्र असे आहे. पहिले (१३५): १यू उंची (यू हे रॅकमधल्या उंचीचे माप), ३२ कोअरचे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र गणनाभाग) दोन प्रोसेसर, ५१२ जीबी मेमरी, १.९२ टीबीच्या ८ सॅटा (जुन्या, संथ जोडणीच्या) एसएसडी, रेड ५ (रेड म्हणजे एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधण्याची पद्धत; पुढचा अंक तिचा प्रकार). दुसरे (१६०): २यू उंची, जास्त क्लॉकचा (म्हणजे वेगाचा) १६ कोअरचा एकच प्रोसेसर, ३८४ जीबी मेमरी, ३.८४ टीबीच्या ६ एनव्हीएमई (थेट प्रोसेसरच्या वेगवान वाटांना जोडलेल्या) एसएसडी, रेड १०. तिसरे (१००): २यू उंची, मागच्या पिढीतील १६ कोअरचे दोन प्रोसेसर, ६४ जीबीच्या चार पट्ट्या मिळून २५६ जीबी मेमरी, ८ टीबीच्या १२ हार्ड डिस्क, रेड ६. मी प्रत्येकाची किंमत कोअरच्या आणि टेराबाइटच्या संख्येने भागून पाहिली. दुसरे कोटेशन कोअरमागे पहिल्याच्या पावणेपाचपट आणि टेराबाइटमागे तिसऱ्याच्या साडेसहापटीहून जास्त महाग पडते. तरी ते घेण्यासारखे आहे का? व्यवस्थापनाला मी काय सांगावे?

उत्तर: सप्रेम नमस्कार. आपण आकडे नीट मांडून पाठवलेत, त्यामुळे उत्तर मोघम देण्याची वेळ आली नाही. माझे मत आधीच नोंदवतो. दुसऱ्या कोटेशनाचा गाभा आपल्या कामाला योग्य आहे, मात्र त्यातील साठवणुकीची रचना जशीच्या तशी घेऊ नये. तिसरे कोटेशन मुख्य सर्व्हर म्हणून घेऊ नये, पण त्याचे लहान रूप बॅकअपसाठी उपयोगी पडेल. पहिले कोटेशन कागदावर सर्वांत भारदस्त दिसत असले तरी आपल्या परिस्थितीत ते तिन्हींत सर्वांत खर्चिक ठरण्याचा संभव आहे. हे असे का, ते सविस्तर पाहू.

आपले दोन्ही भागाकार गणित म्हणून बरोबर आहेत, पण छेदस्थानी घेतलेली संख्या चुकीची आहे. जे कोअर आपले सॉफ्टवेअर वापरणारच नाही, ते छेदात धरले की किंमत उगाच उतरलेली दिसते. ज्या टेराबाइटवर डेटाबेस वेळेत लिहू शकत नाही, तो टेराबाइट डेटाबेसच्या दृष्टीने नसल्यासारखाच असतो. आपल्याला विकत घ्यायचे आहे ते महिनाअखेरीचे काम वेळेत उरकणे आणि पाच वर्षे पुरेल इतकी सुरक्षित जागा. तेव्हा पाच वर्षांचा एकूण खर्च भागिले हे काम, हाच खरा भागाकार होय.

सुरुवात साठवणुकीपासून करतो, कारण आपल्या तक्रारीचे मूळ बहुधा तिथेच आहे. ७२०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कची तबकडी एक फेरी पूर्ण करायला ८.३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्यासाठी सरासरी अर्धी फेरी, साधारण ४ मिलिसेकंद, थांबावे लागते. त्यात हेड योग्य रेषेवर जाण्याचे ८ मिलिसेकंद मिळवले की विखुरलेल्या प्रत्येक वाचन-लेखनाला १२ मिलिसेकंद होतात. एका सेकंदात अशी सुमारे ८० कामे होतात आणि हा आकडा डिस्क ८ टीबीची असो वा २० टीबीची, फारसा बदलत नाही. बारा डिस्कच्या मिळून सेकंदाला ९६० क्रिया होतात. मात्र रेड ६ मध्ये एक लहान लेखन करण्यासाठी जुना मजकूर आणि दोन्ही पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कवरचा मजकूर परत काढता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) वाचाव्या लागतात आणि मग तिन्ही पुन्हा लिहाव्या लागतात, म्हणजे एकाच्या जागी सहा क्रिया होतात. त्यामुळे लेखनाची मर्यादा सेकंदाला १६० वर येते. रेड सांभाळणाऱ्या कंट्रोलर कार्डावरची कॅश (तात्पुरती वेगवान मेमरी) अचानक आलेली लाट झेलते आणि लहान लेखने एकत्र करून थोडा भार हलका करते, पण महिनाअखेरीसारखा तासन्‌तास चालणारा भार आला की ती भरते आणि गाडी पुन्हा त्याच १६० च्या आसपास येऊन अडते. ईआरपीत प्रत्येक व्यवहार नोंदवताना डेटाबेस आपला लॉग (बदलांची नोंदवही) डिस्कवर पक्का लिहिला जाईपर्यंत थांबतो. एकाच वेळी अनेक जण नोंदी करत असतील आणि शेजारच्याच डिस्कवर कोणी मोठी रेखाटने उघडत असेल, तर ते सर्व या अरुंद वाटेत एकमेकांची वाट अडवणार. ९६ टीबीचा मोठा आकडा या अडचणीवर काहीच उपाय करत नाही.

शिवाय ९६ टीबी हा हाती येणारा आकडाही नव्हे. रेड ६ मध्ये दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते, म्हणून उरतात ८० टीबी. डिस्कचा उत्पादक एक टेराबाइट दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज द्विमान पद्धतीने, त्यामुळे विंडोजमध्ये ते सुमारे ७३ टीबी दिसतात. आपली आजची गरज ११ टीबी आहे आणि पाच वर्षांनी ती साडेअठरा टीबी होईल. म्हणजे टेराबाइटमागची जी स्वस्ताई आपल्याला दिसली, ती मुख्यतः न लागणाऱ्या जागेची आहे.

हाच विंडोजचा हिशेब पहिल्या कोटेशनाला लावल्यावर चिंतेची बाब समोर येते. १.९२ टीबीच्या आठ एसएसडी रेड ५ मध्ये (यात एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला जाते) घेतल्या की १३.४४ टीबी उरतात आणि विंडोजमध्ये त्या १२.२ टीबी दिसतात. आज ११ टीबी वापर आणि वर्षाला दीड टीबीची भर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या आतच साठवण काठोकाठ भरेल. १यू उंचीच्या पेटीत पुढच्या बाजूला लहान आकाराचे साधारण ८ ते १० स्लॉट असतात, त्यामुळे वाढीला फार तर एकदोन डिस्कची जागा मिळेल. हा सर्व्हर घेतल्यास वर्षभरात बाहेरची साठवण घ्यावी लागेल आणि १३५ हा आकडा तेव्हा उरणार नाही.

दुसऱ्या कोटेशनाचीही तीच गत आहे, हे मुद्दाम सांगतो. सहा डिस्क रेड १० मध्ये (यात सर्व मजकुराची दुसरी प्रत ठेवली जाते, म्हणून निम्मी जागा उरते) घेतल्यास ११.५२ टीबी, म्हणजे विंडोजच्या हिशेबाने साडेदहा टीबी मिळतात. आपला आजचा डेटादेखील त्यात मावणार नाही. पुरवठादाराने डेटाबेसचा विचार चांगला केला आहे, पण फायलींचा केलेला दिसत नाही. सुदैवाने ही उणीव भरून काढता येण्यासारखी आहे, कारण २यू पेटीत लहान आकाराच्या २४ डिस्कपर्यंत जागा असू शकते आणि एकाच प्रोसेसरवरही पीसीआयई लेनची (डिस्क आणि कार्डे प्रोसेसरला जोडणाऱ्या वाटांची) टंचाई नसते. एएमडीच्या एपिक ९००४ मालिकेत एका प्रोसेसरवर १२८ लेन मिळतात. एका एनव्हीएमई डिस्कला चार लेन लागतात, हे लक्षात घेतले तर नेटवर्क कार्डांसाठी जागा सोडूनही भरपूर शिल्लक राहते.

त्यातल्या साठवणुकीचे मी दोन भाग करीन. डेटाबेस आणि व्हर्च्युअल मशीनसाठी ३.८४ टीबीच्या चारच एनव्हीएमई डिस्क, रेड १० मध्ये, ठेवाव्यात. त्या विंडोजमध्ये जवळपास ७ टीबी देतात आणि आजच्या २ टीबीला पुढची अनेक वर्षे पुरतात. फायलींसाठी वाचनप्रधान वर्गातल्या ७.६८ टीबीच्या पाच एसएसडी रेड ६ मध्ये घ्याव्यात. त्यांतून विंडोजमध्ये सुमारे २१ टीबी मिळतात आणि पाच वर्षांनंतरच्या साडेसोळा टीबी फायली त्यात आरामात बसतात. रेखाटने एकदा लिहून अनेकदा वाचली जातात, त्यामुळे तिथे रेड ६ चा लेखनातला तोटा जाणवत नाही. डेटाबेसचे उलट आहे, म्हणून तिथे रेड १० हवे. सर्व डिस्कवर एकच रेड करून त्यावर सर्व काही टाकण्याची पद्धत सोपी वाटते खरी, पण तीत दोन्ही कामांना दुसऱ्याचे दोष वाट्याला येतात.

एसएसडीच्या बाबतीत कोटेशनात सहसा फक्त क्षमता लिहिलेली असते, आणि नेमके तिथेच स्वस्त-महागाचे रहस्य दडलेले असते. दोन गोष्टी लेखी विचाराव्यात. पहिली म्हणजे वीज अचानक गेली तर हातातला मजकूर वाचवणारे कपॅसिटर डिस्कमध्ये आहेत का. ज्या डिस्कमध्ये ते असतात, ती लेखन आपल्या मेमरीत येताच काही मायक्रोसेकंदांत पोच देऊ शकते. घरगुती वर्गातल्या डिस्कला मात्र प्रत्येक पक्क्या लेखनासाठी फ्लॅशपर्यंत जावे लागते, आणि जाहिरातीत वेगवान दिसणारी तीच डिस्क डेटाबेसच्या लॉगसमोर हार्ड डिस्कसारखी रांगू लागते. दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. तो डीडब्ल्यूपीडी या आकड्याने सांगतात, म्हणजे हमीच्या काळात संपूर्ण डिस्क दररोज किती वेळा पुन्हा लिहिता येईल. १.९२ टीबीची डिस्क १ डीडब्ल्यूपीडीने पाच वर्षांत सुमारे ३,५०० टीबी लेखन सोसते, ३ डीडब्ल्यूपीडीची त्याच्या तिप्पट. डेटाबेससाठी ३ चा वर्ग घ्यावा आणि फायलींसाठी १ चा पुरे. दोन्हीकडे महाग वर्ग घेण्याची गरज नाही.

वेगाच्या आकड्यांविषयीही एक सांगण्यासारखे आहे. सॅटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते आणि चौथ्या पिढीच्या पीसीआयईवरची एनव्हीएमई ७ जीबीपर्यंत जाते, पण हे आकडे मोठी फाइल सलग वाचतानाचे आहेत. ईआरपीला ८ केबीच्या लहान लहान तुकड्यांची गरज असते आणि तिथे महत्त्व असते ते एका तुकड्यासाठी किती थांबावे लागते याला. म्हणून आपण एनव्हीएमई घ्यायची ती कमी प्रतीक्षेसाठी. चौथ्या पिढीऐवजी पाचव्या पिढीची डिस्क घेऊन वेग १४ जीबीवर नेण्यासाठी जास्त पैसे मोजण्यात आपला काही लाभ नाही.

रेड कंट्रोलरचे नावही कोटेशनात नेमके लिहून घ्यावे, कारण आपण पाठवलेल्या तपशिलात ते कुठेच नाही. डेलच्या कार्डांचे उदाहरण घ्या: एच३५५ आणि एच७५५ या नावांत एकाच आकड्याचा फरक आहे, पण पहिल्यावर कॅश नाही आणि दुसऱ्यावर वीज गेली तरी टिकणारी ८ जीबी कॅश आहे. एनव्हीएमई डिस्कचे रेड तर कार्डाने करायचे की ऑपरेटिंग सिस्टिमने, हे आधीच ठरवावे लागते, आणि कार्डाने करायचे असल्यास सर्व डिस्कचा वेग त्या एका कार्डाच्या लेनमधून जातो हे ध्यानात ठेवावे. डिस्क ज्या फळीत बसतात ती बॅकप्लेन सॅटाची आहे की एनव्हीएमईची, हेही आजच ठरते. नंतर ती बदलणे म्हणजे जवळजवळ नवा सर्व्हर घेण्यासारखे असते. दुसऱ्या कोटेशनात २४ स्लॉटची पेटी आहे की ८ स्लॉटची, हे म्हणूनच आधी विचारा.

आता प्रोसेसरकडे वळू. येथे पहिल्या कोटेशनाचे ६४ कोअर आपल्या विरोधात जातात. एसक्यूएल सर्व्हर २०२२ ची स्टँडर्ड आवृत्ती एका इन्स्टन्ससाठी (एका चालू स्थापनेसाठी) २४ पेक्षा जास्त कोअर वापरत नाही आणि तिचा बफर पूल (डेटा हाताशी ठेवण्याची मेमरी) १२८ जीबीवर थांबतो. म्हणजे महिनाअखेरीला ज्या डेटाबेसची आपल्याला काळजी आहे, त्याला ६४ कोअर आणि ५१२ जीबी मेमरी यांपैकी बराच भाग कधीच दिसणार नाही.

परवान्यांचा हिशेब तर याहून बोलका आहे. विंडोज सर्व्हर स्टँडर्डचे परवाने मशीनमधल्या सर्व भौतिक कोअरसाठी घ्यावे लागतात, एका सर्व्हरमागे किमान १६ कोअर धरले जातात, आणि सर्व कोअर एकदा परवानाबद्ध केले की दोन व्हर्च्युअल मशीन चालवण्याचा हक्क मिळतो. आणखी दोन हवी असल्यास सर्व कोअरचे परवाने पुन्हा घ्यायचे. आपल्याला १० व्हर्च्युअल मशीन चालवायची आहेत, म्हणजे हा फेरा पाच वेळा होतो. दुसऱ्या कोटेशनातल्या १६ कोअरसाठी ८० कोअर परवाने लागतील, तिसऱ्यातल्या ३२ कोअरसाठी १६०, आणि पहिल्यातल्या ६४ कोअरसाठी ३२०. डेटासेंटर आवृत्ती घेतली तर व्हर्च्युअल मशीनची संख्या मोजावी लागत नाही, पण कोअर मोजावेच लागतात, त्यामुळे १६ आणि ६४ यांमधले चौपटीचे प्रमाण तसेच राहते. सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (मायक्रोसॉफ्टचा परवान्यासोबतचा देखभाल करार) किंवा वर्गणी असल्यास व्हर्च्युअल कोअरवर परवाना घेण्याचा मार्गही आहे, तो आपल्याला लागू होतो का हे परवाना विकणाऱ्याकडून लेखी घ्यावे. एसक्यूएल सर्व्हर आपण वापरकर्त्यांच्या संख्येवर घेतला असेल तर कोअरचा प्रश्न नाही. कोअरवर घेतला असेल तर कोअर तिथेही मोजले जातात, आणि तिथला एका कोअरचा दर विंडोजपेक्षा कितीतरी जास्त असतो. व्हर्च्युअलायझेशनसाठी व्हीएमवेअर वापरत असाल तर तोही आता कोअरवर आणि वर्गणीने मिळतो, आणि प्रत्येक प्रोसेसरमागे किमान १६ कोअर मोजले जातात. व्यवस्थापनाला हे तीन आकडे, ८०, १६० आणि ३२०, दाखवले तरी दुसऱ्या कोटेशनाची महागाई कुठे विरते हे त्यांना दिसेल. सर्व्हर एकदाच विकत घेतला जातो, परवाने मात्र त्याच्या जोडीने वर्षानुवर्षे चालतात.

मग १६ कोअर पुरतील का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. कोअर वाढले की प्रत्येक कोअरचा क्लॉक सहसा उतरतो, कारण विजेची आणि उष्णतेची मर्यादा सर्वांनी मिळून वाटून घ्यायची असते. एपिक ९००४ मालिकेतच पाहिले तर ९६ कोअरच्या ९६५४ चा मूळ क्लॉक २.४ गिगाहर्ट्झ आहे, तर १६ कोअरच्या ९१७४एफ चा ४.१ गिगाहर्ट्झ. महिनाअखेरीचे अहवाल आणि हिशेबबंदीची कामे बरीचशी एका मागोमाग एक चालतात, त्यांना रिकामे बसलेले कोअर मदत करत नाहीत, एक वेगवान कोअर मात्र करतो. त्याच १६ कोअरमध्येही फरक असतो: ९१२४ चा मूळ क्लॉक ३ गिगाहर्ट्झ आणि एल३ कॅश ६४ एमबी आहे, ९१७४एफ ची कॅश २५६ एमबी आहे. कोटेशनात नुसते ‘१६ कोअर’ असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ लागत नाही, म्हणून प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक घ्यावा.

येत्या महिनाअखेरीस सध्याच्या सर्व्हरवर मोजमाप करा. विंडोजच्या परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये प्रोसेसरचा वापर, प्रत्येक डिस्कवरच्या वाचनाला आणि लेखनाला लागणारा सरासरी वेळ, आणि सेकंदाला होणाऱ्या वाचन-लेखनांची संख्या सलग दोन दिवस नोंदवून ठेवा. एसक्यूएल सर्व्हरमधल्या प्रतीक्षांची यादीही त्याच काळात काढा. तीत ‘पेजआयओलॅच’ आणि ‘राइटलॉग’ या प्रतीक्षा वर दिसल्या तर डेटाबेस डिस्कसाठी थांबतो आहे आणि जास्त कोअर घेऊन काहीही सुधारणार नाही. ‘एसओएस शेड्युलर यील्ड’ वर असेल आणि प्रोसेसर सतत ८० टक्क्यांच्या पुढे असेल, तर कोअरची गरज खरी आहे. तसे आढळल्यास त्याच मालिकेतला २४ कोअरचा ९२७४एफ विचारात घ्या. तोही ४ गिगाहर्ट्झच्या वर चालतो आणि एसक्यूएलच्या स्टँडर्ड आवृत्तीच्या मर्यादेत नेमका बसतो. परवान्यांचा गुणाकार तेव्हा ८० वरून १२० वर जाईल, हे मनात धरूनच निर्णय घ्यावा. आणि एखादा अहवाल चुकीच्या क्वेरीमुळे किंवा इंडेक्स नसल्यामुळे रखडत असेल, तर तेही याच मोजमापात उघड होईल. ते आधी दुरुस्त करून घ्या, कारण त्याला सर्व्हर लागत नाही.

वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर ताडून पाहायचे असतील तर स्पेक या संस्थेने प्रसिद्ध केलेले सीपीयू २०१७ चे निकाल पाहावेत, कारण ते सर्व्हरच्या प्रत्यक्ष मॉडेलनुसार मिळतात. त्यातला ‘रेट’ हा आकडा सर्व कोअर एकाच वेळी राबवून काढलेला असतो, त्यामुळे तो ६४ कोअरवाल्याला साहजिकच वर नेतो. हा आकडा कोअरच्या संख्येने भागला की भार असताना एका कोअरच्या वाट्याला किती काम येते ते कळते, आणि कोअरवर परवाना घेणाऱ्याला हीच तुलना कामाची असते. पुरवठादाराच्या माहितीपत्रकातले ‘इतके टक्के जास्त वेगवान’ हे वाक्य कशाशी तुलना करून लिहिले आहे ते तळटिपेत वाचल्याशिवाय धरू नये.

मेमरीच्या बाबतीत तिसऱ्या कोटेशनात एक मोठा दोष आहे, जो बेरजेत दिसत नाही. दोन प्रोसेसर आणि ६४ जीबीच्या चार पट्ट्या, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरला दोनच पट्ट्या मिळतात. मागच्या पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरना, मग ते इंटेलचे तिसऱ्या पिढीचे झिऑन असोत वा एएमडीचे ७००३ मालिकेतले, मेमरीचे आठ चॅनल (मेमरीपर्यंतच्या समांतर वाटा) असतात. त्यांपैकी दोनच भरल्यास मेमरीची रुंदी पाव राहते आणि पैसे मोजलेला प्रोसेसर उपाशी बसतो. तेवढीच २५६ जीबी मेमरी १६ जीबीच्या सोळा पट्ट्यांत घेतली की हा दोष उरत नाही. पुरवठादार मोठ्या पट्ट्या देतात ते पुढे वाढवायला जागा राहावी म्हणून, आणि त्यात त्यांचा हेतू वाईट नसतो. पण पुढे वाढवेपर्यंतची वर्षे मंदगतीने काढायची का, याचे उत्तर आपण द्यायचे असते. दुसऱ्या कोटेशनातले ३८४ जीबी बारा चॅनलवर ३२ जीबीच्या बारा पट्ट्यांनी भरले असतील तर ते अगदी योग्य आहे.

उंचीचा मुद्दा थोडक्यात. १यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. एवढ्याशा उंचीत पंखे लहान बसतात, त्यांना फार वेगाने फिरावे लागते, आवाज आणि वीज दोन्ही वाढतात, आणि जास्त उष्णतेचे प्रोसेसर घालण्यावर बंधने येतात. रॅकच्या प्रत्येक यूचे भाडे देणाऱ्या डेटा सेंटरला १यू परवडते. आपला रॅक स्वतःचा असेल आणि त्यात जागा असेल, तर २यू घेण्यात कोणताही तोटा नाही. फक्त रॅकची खोली मोजून घ्या, कारण आजचे सर्व्हर लांब असतात आणि मागे वायरींसाठी हाताएवढी जागा लागतेच.

विजेचा खर्च सर्वांत सहज विसरला जातो. सरासरी ४०० वॅट घेणारा सर्व्हर वर्षाला सुमारे ३,५०० युनिट वीज वापरतो आणि पाच वर्षांत साडेसतरा हजार. थंडाव्याचा खर्च त्याहून निराळा. तिसऱ्या कोटेशनातल्या बारा हार्ड डिस्क दिवसरात्र फिरत राहून एकट्याच शंभरेक वॅट घेतील. तिन्ही पुरवठादारांकडून त्यांच्या कंपनीच्या कॅल्क्युलेटरने काढलेला, निम्म्या भारावरचा वॅटचा आकडा मागवा आणि आपल्या दराने गुणून पाच वर्षांच्या तक्त्यात टाका. दोन पॉवर सप्लाय हवेतच, आणि ते दोन वेगवेगळ्या विजेच्या वाटांवर जोडायचे असतात. दोन्ही एकाच यूपीएसला लावले तर दुसऱ्याचा अर्धा उपयोग गेला.

दूरस्थ व्यवस्थापनाच्या परवान्याची ओळ स्वस्त कोटेशनांतून बहुधा गाळलेली असते. डेलच्या आयड्रॅकमध्ये दूरून स्क्रीन पाहण्याची सोय एंटरप्राइज परवान्यात येते आणि एचपीईच्या आयएलओमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम सुरू झाल्यानंतरची ती सोय अ‍ॅडव्हान्स्ड परवान्यात. रात्री सर्व्हर अडला तर घरून पाहता येणार की कारखान्यात धावावे लागणार, हे या एका ओळीवर ठरते, म्हणून ती तिन्हींकडून घालून घ्या. पाच वर्षांची देखभालही आजच किमतीत धरावी, कारण तीन वर्षांनंतर वाढवायला गेल्यास घासाघीस करण्याची आपली ताकद संपलेली असते. चार तासांत माणूस येणारी सेवा घ्यायची की दुसऱ्या कामाच्या दिवशी येणारी, हे ईआरपी एक दिवस बंद राहिल्यास कारखान्याचे किती नुकसान होते त्यावरून ठरवा. हा आकडा संगणक विभागाने नव्हे, उत्पादन आणि लेखा विभागाने द्यायला हवा.

राहता राहिले तिसरे कोटेशन. त्याच पुरवठादाराला एक प्रोसेसर, ६४ जीबीच्या आसपास मेमरी आणि ८ टीबीच्या सहा हार्ड डिस्क अशी दुरुस्त मागणी द्या. रेड ६ मध्ये त्यातून विंडोजच्या मोजमापाने २९ टीबी मिळतात. हा सर्व्हर शक्यतो वेगळ्या खोलीत ठेवा, त्याचा पासवर्ड मुख्य नेटवर्कच्या खात्यांशी जोडू नका आणि बॅकअपच्या प्रती ठरावीक काळ कोणालाही पुसता येणार नाहीत अशी सोय करा. बॅकअप हे सलग आणि मोठे लेखन असते, त्यात हार्ड डिस्क उत्तम चालतात, म्हणजे तिथे टेराबाइटमागची स्वस्ताई खरोखरची आहे. आपल्या पत्रात बॅकअपचा उल्लेख नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटली. डिस्क बिघडली तर रेड सांभाळून घेते. फाइल पुसली गेली, खंडणीखोर व्हायरसने कुलूपबंद केली किंवा सर्व्हरच जळाला, तर रेड काहीही करू शकत नाही. पैसे कमी पडत असतील तर मुख्य सर्व्हरची मेमरी ३८४ वरून कमी करा, डिस्कची पिढी खाली आणा, पण बॅकअपचा सर्व्हर वगळू नका.

आता तिन्ही पुरवठादारांना एकाच मागणीपत्रावर नवी कोटेशने द्यायला सांगा. त्यात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मेमरीच्या पट्ट्यांची संख्या, प्रत्येक डिस्कचा वर्ग आणि डीडब्ल्यूपीडी, कंट्रोलरचे नाव, स्लॉटची एकूण आणि रिकामी संख्या, विंडोजमध्ये दिसणारी वापरण्याजोगी जागा, नंतर घ्यायच्या एका जादा डिस्कचा आजचा दर, पाच वर्षांची देखभाल आणि व्यवस्थापनाचा परवाना या बाबी असाव्यात. विंडोज आणि एसक्यूएलच्या परवान्यांची रक्कम आपण स्वतः वेगळी काढून तिन्हींत मिळवा. इंटेलचा प्रोसेसर देऊ पाहणाऱ्याला नाकारू नका. झिऑन गोल्ड ६४४४वाय सारखे १६ कोअर आणि ३.६ गिगाहर्ट्झचे पर्याय त्यांच्याकडेही आहेत, आणि आपले ईआरपी विकणारी कंपनी एखाद्याच प्रोसेसरवर चाचणी झाल्याचे सांगत असेल तर तिच्या शब्दाला वजन द्यावे.

खरेदीच्या आदेशात स्वीकृती चाचणीची अट घाला. सर्व्हर बसवल्यावर एफआयओ या साधनाने ८ केबीच्या तुकड्यांचे मिश्र वाचन-लेखन निदान दोन तास चालवा, कारण पहिल्या काही मिनिटांत कॅशमुळे प्रत्येक डिस्क चांगलीच दिसते. ते चालू असतानाच एक डिस्क बाहेर काढा आणि रेड पूर्ववत होईपर्यंत प्रतीक्षेचा वेळ कितपत वाढतो ते नोंदवा, मग एका पॉवर सप्लायची वायर काढून पाहा. शेवटी सध्याच्या डेटाबेसची प्रत नव्या सर्व्हरवर पूर्ववत करून मागच्या महिनाअखेरीचे तेच अहवाल चालवा, आणि लागलेला वेळ आपण आधी नोंदवलेल्या वेळेशेजारी लिहून पुरवठादाराच्या अभियंत्याची त्यावर सही घ्या. बिलाचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यायचा आहे, हे आदेशातच लिहिलेले असावे.